लहानूच्या पाठीवरचं ओझं

डोंगराच्या अगदी कुशीतल्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा गडी होता. नाव लहानू, पण दारातून आत यायचं तर आधी एक खांदा आणावा लागे, मग दुसरा. अंगात बैलाची ताकद. डोक्यात काय होतं ते कुणी बघितलं नव्हतं. पण स्वभावाने गुणी. सांगितलं तेवढं करायचा. कमी नाही, जास्त नाही.

त्याची बायको हौसा. ती हुशार होती. पण हुशार माणसाचाही बोलताना एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. एकदा तिने चुलीवर दूध ठेवलं आणि पाण्याला विहिरीवर निघाली. जाताना म्हणाली, "दूध उतू गेलं की मला हाक मारा."

लहानू चुलीसमोर मांडी घालून बसला. दूध वर आलं. तो बघत राहिला. दूध उतू गेलं. मग तो उठला, विहिरीपर्यंत चालत गेला आणि हौसाच्या शेजारी उभं राहून त्याने हाक मारली. दोघं घरी येईपर्यंत पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि छपराचा कोपरा धुमसत होता.

हौसा दिवाळीला माहेरी गेली तेव्हा तिने ही गोष्ट हसत हसत सांगितली. तिची आई हसली. वडील हसले नाहीत.

तिचे वडील म्हणजे भागुजीमामा. सगळा जन्म वनखात्यात रखवालदारी केलेला माणूस. निवृत्त झाले तरी सवय जाईना. थंडी पडली की ते वरच्या पठारावर मुक्कामाला जायचे, तीन दगडांवर पिठलं रटरटवायचे आणि उघड्या आभाळाखाली झोपायचे. लहानू बायकोला न्यायला आला तेव्हा ते ओट्यावर बसले होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "पोरीला आज पाठवत नाही. आधी माझ्याबरोबर पठारावर एक मुक्काम करा. तो नीट झाला की खुशाल घेऊन जा."

लहानूचा चेहरा उतरला. हौसा माहेरी गेली तेव्हापासून घर त्याला फार मोठं वाटत होतं, आणि स्वतः थापलेली भाकरी त्याला स्वतःलाच चाववत नव्हती. एक मुक्काम नीट करणं भाग होतं. म्हणून त्याने विचारून घेतलं.

"मामा, पिशवी किती जड घेऊ?"

मामांना बरं वाटलं. जावयाने प्रश्न तरी शहाण्यासारखा विचारला. ते म्हणाले, "अशी घ्या, की पाठीला कळलीसुद्धा नाही पाहिजे."

लहानूने मान डोलावली. त्याला पटलं.

घरी जाऊन त्याने पिशवीत घोंगडी घातली, भाकऱ्या घातल्या, पाण्याची बाटली घातली आणि पिशवी पाठीवर घेतली. पाठीला कळली. त्याने बाटली काढली. तरी कळली. भाकऱ्या काढल्या. घोंगडीही काढली. आता पिशवी इतकी छान झाली, की ती पाठीवर आहे की खुंटीवर तेच समजेना. त्याने हात मागे घालून खात्री केली. पाठीवरच होती.

वाट अरुंद होती. मामा पुढे, लहानू मागे. लहानू एवढा तरतर चढत होता, की मामांना मनातून कौतुक वाटलं. पठारावर पोचल्यावर ते म्हणाले, "काढा पाव्हणं, घोंगडी काढा."

"घरी आहे."

"मग भाकऱ्या काढा."

"त्यासुद्धा घरीच आहेत. पाठीला कळत होत्या."

मामांची एक घोंगडी, तिच्यात दोघं झोपले. म्हणजे लहानू झोपला. मामा कडेला होते. सकाळी मामांची दातखीळ बसली होती, ती सुटायला ऊन वर यावं लागलं. सुटल्यावर ते म्हणाले, "अहो, रानात झालं तरी माणसाला निजायला लागतंच ना? घरी रात्रीचं जे जे लागतं, ते ते डोंगरावरही लागतं. एवढं तरी ध्यानात ठेवा. हा मुक्काम धरायचा नाही. पुन्हा जाऊ."

लहानूने मान डोलावली. त्याला पटलं.

दुसऱ्या खेपेला त्याने घरी बसून नीट आठवलं, की रात्रीचं आपल्याला काय काय लागतं. बाज लागते. गोधड्या लागतात. तहान लागली तर घागर लागते. कंदील लागतो. सकाळी उठल्याबरोबर चटणी लागते, म्हणजे पाटा-वरवंटा आला. पायाशी मांजर लागतं. त्याने बाज उलटी केली, सगळं तिच्यात भरलं, मांजर टोपलीत घातलं आणि बाज डोक्यावर घेतली. रात्री शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला ऐकल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. त्याने म्हाताऱ्यालाही विचारून बघितलं, पण म्हातारा यायला तयार झाला नाही.

मामा काठी घेऊन आधीच पुढे गेले होते. वाटेत एक खिंड होती, दोन्ही बाजूंनी कातळ. मामा खिंड ओलांडून वर उभे राहिले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. खालून एक बाज चालत येत होती. तिच्यातून मांजर ओरडत होतं.

बाज खिंडीत शिरली आणि आडवी अडकली. पुढे जाईना, मागे जाईना. वरून मोळ्या घेऊन बायका उतरत होत्या, त्या थांबल्या. त्यांच्यामागे गुरं थांबली. मामांना सगळे ओळखत होते. सगळ्यांनी त्यांना विचारलं, की हे कोण. मामा म्हणाले, "मला काय माहीत."

"मामा, मी," लहानू बाजेखालून म्हणाला. "तुमचा जावई."

शेवटी मामांना बाजेखालून सरपटत खाली यावं लागलं. सरपटताना हातात काठी कशी धरणार? ती त्यांनी बाजेत टाकली. मग सगळ्यांनी मिळून बाज ओढून काढली. मामांच्या धोतराचा घोळ कातळाला अडकून फाटला. खाली आल्यावर त्यांनी आधी धोतर सावरलं. नंतर म्हणाले, "पाव्हणं, निम्मं करा. हात जोडतो. जे जे घ्याल ते निम्मं करा. आणि माझी काठी तुमच्या सामानात तळाशी गेली, ती पुढच्या खेपेला आठवणीने आणा."

लहानूने मान डोलावली. त्याला पटलं.

तिसऱ्या खेपेला मात्र मामांनी पायथ्याशीच त्याला उभं करून निरखलं. पाठीवर एकच पिशवी, तीही बेताची. मांजर नाही. मामांनी पिशवी हाताने उचलून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "असं पाहिजे," ते म्हणाले. लहानूही खूश झाला. त्याला वाटलं, आता हौसा घरी येते.

एक गोष्ट मामांनी बघितली नाही. लहानूच्या एकाच पायात चप्पल होती.

पठारावर ऊन कललं. मामांनी तीन दगड मांडले, काटक्या रचल्या आणि हात पुढे केला. "काडेपेटी द्या."

लहानूने दिली. मामांनी पेटीतून काडी काढली. काडी अर्धीच होती. दुसरी काढली. तीही अर्धी. सगळ्या काड्या मधोमध कापलेल्या होत्या.

"पेटणारा तुकडा कुठंय?" मामांनी विचारलं.

"तो निम्मा घरी ठेवला."

"भगुलं तरी आणलंत?"

"झाकण आणलंय."

"विजेरी?"

विजेरी होती. तिच्यात एकच सेल होता. घोंगडी होती, पण ती कापून एवढीशी झाली होती. लहानूने ती मामांना दिली, कारण मामा वयाने मोठे होते. मामांनी ती कुठे पांघरावी याचा बराच विचार केला आणि शेवटी डोक्यावर घेतली. रात्री दोघांनी अर्धी अर्धी भाकरी खाल्ली, म्हणजे एकूण एक झाली. लहानू म्हणाला, "बघा मामा, पुरली."

उजाडल्याबरोबर मामा उठले. "चला खाली," ते म्हणाले. "माझी काठी द्या." चढताना त्यांना काठी लागत नसे. उतरताना गुडघे कुरकुरायचे.

लहानूने पिशवीतून काठी काढली. ती पिशवीत अगदी बरोबर मावली होती, कारण ती करवतीने कापलेली होती. मामांनी ती हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, लहानूकडे बघितलं आणि तोंड फिरवून चालू लागले. रागाच्या भरात ते विसरले. पहिल्याच उभ्या उतारावर त्यांनी सवयीने काठी खाली टेकवली. काठी टेकायच्या आधी मामा टेकले.

पाय मुरगळला. घोटा टम्म फुगला.

लहानूचा जीव कळवळला. त्याने पिशवी गळ्यात अडकवली, मामांना पाठंगुळीला घेतलं आणि उतरू लागला. दगडधोंड्यांतून असा अलगद उतरत होता, की मामांना हिसका म्हणून बसला नाही. हळूहळू मामांचा राग निवळला. माणूस वाईट नाही, त्यांना वाटलं. कसा का असेना, जीव लावणारा आहे. पोरगी उपाशी राहणार नाही.

"जड होतोय का, पाव्हणं?" त्यांनी विचारलं.

"पाठीला कळताय," लहानू खरं ते म्हणाला.

मामांना हसू आलं. त्यांना जावयाला चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवाव्याशा वाटल्या. "ऐका. आम्ही रानात काय करायचो, सांगतो. ओझं जास्त वाटलं की कुढत चालायचं नाही. थांबायचं. आपल्याजवळ काय काय आहे ते बघायचं. सगळ्यात जड जे असेल ते झाडाखाली सावलीत ठेवायचं आणि बाकीचं घेऊन घरी जायचं. मागाहून कुणीतरी जाऊन आणतं."

लहानूने मान डोलावली. त्याला पटलं.

पुढे एक हिरड्याचं मोठं झाड होतं. लहानू थांबला. त्याने मामांना अलगद सावलीत बसवलं. पिशवीतली विजेरी काढून हातावर तोलली. हलकी होती. झाकण तोललं. हलकं होतं. काठी तर निम्मीच होती.

"मामा, तुमचं वजन किती असेल?"

"असेल एखाद्या पोत्याएवढं. का हो?"

"काही नाही. सहज."

जावई दमला, मामांना वाटलं. दम खाऊ दे बिचाऱ्याला. त्यांनी झाडाला पाठ टेकून डोळे मिटले. रात्रभर झोप नव्हती, लगेच डुलकी लागली.

लहानू मामांच्या घरी पोचला तेव्हा सासूबाई अंगण झाडत होत्या आणि हौसा दारातच उभी होती. हौसाने वाटेकडे बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"आबा कुठंत?"

"झाडाखाली ठेवलेत," लहानू म्हणाला. "सगळ्यात जड तेच होते."

सासूबाईंनी केरसुणी खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "पाव्हणं, त्यांचा पाय दुखतोय. ते उपाशी आहेत. जा आणि त्यांना घेऊन या. आणलंत, की हौसाला आजच घेऊन जा. हे नाही म्हणाले तरी मी पाठवते. शब्द देते."

लहानू निघाला तशी हौसाने त्याला बाही धरून थांबवलं. तिला आपला नवरा ठाऊक होता. तिने एकेक शब्द तोलून सांगितलं.

"हे बघा. हिरड्याच्या झाडाखाली जे कुणी बसलं असेल, त्यांना उचलायचं. सगळंच्या सगळं उचलायचं, निम्मं नाही. वाटेत कुठं ठेवायचं नाही. आबा चिडलेले असतील, काहीबाही बोलतील. ते काही बोलले तरी ऐकायचं नाही. थेट घरी आणायचं."

लहानूने मान डोलावली. त्याला पटलं. तो पळतच सुटला.

आता झालं काय, की मधल्या वेळात मामांना जाग आली. जावई दिसेना. त्यांनी हाका मारल्या. त्या ऐकून वरच्या वाडीचा एक धनगर आला. त्याच्याजवळ घोडं होतं. त्याने मामांना घोड्यावर बसवलं आणि लांबच्या पण सोप्या घोडवाटेने गावाकडे घेऊन गेला.

आणि त्याच दिवशी वनखात्याचे नवे मोठे साहेब पठारावर मुक्कामाला निघाले होते. पोट सुटलेले, मिशा पिळदार, अंगात खाकी कपडे, पाठीला पिशवी. चढ चढून त्यांना धाप लागली. बरोबरच्या माणसांना त्यांनी झऱ्यावर पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः हिरड्याच्या झाडाखाली बसले.

लहानू आला. झाडाखाली बघितलं. मामांना मिशा नव्हत्या. यांना होत्या. पण मिशांबद्दल हौसा काही बोलली नव्हती.

त्याने साहेबांना पिशवीसकट उचललं.

"ए, कोण तू? सोड. मी साहेब आहे," साहेब म्हणाले.

लहानूने ऐकलं नाही.

"नोकरी घालवीन," साहेब म्हणाले. मग, "तुरुंगात टाकीन." खिंडीत आल्यावर म्हणाले, "बाबा, तुला काय पाहिजे ते घे." गाव दिसायला लागल्यावर त्यांचा आवाज बसला. लहानूने काहीच ऐकलं नाही, आणि वाटेत कुठे ठेवलंही नाही. मामा मघापेक्षा जड लागत होते. पण हौसाला घरी न्यायचं होतं, म्हणून तो पळत राहिला.

घरी मामा ओट्यावर बसले होते. पाय गरम पाण्याच्या बादलीत होता. धनगर चहा पीत होता. हौसा बोचकं बांधून तयार उभी होती. लहानू अंगणात आला आणि त्याने ओझं खाली ठेवलं.

"घ्या. आणले," तो म्हणाला. "सगळेच्या सगळे."

मामांनी खाकी कपडे बघितले. खांद्यावरचे तारे बघितले. सगळ्या जन्माची सवय. ते बादलीतल्या एका पायावर ताडकन उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. साहेबांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बादली कलंडली. मामा पुन्हा खाली बसले, या वेळी साहेबांच्या मांडीवर.

सासूबाईंनी हौसाला डोळ्यांनी खुणावलं. "शब्द दिला म्हणजे दिला," त्या हळूच म्हणाल्या. "मागच्या दाराने जा."

हौसाने एका हातात बोचकं घेतलं, दुसऱ्या हाताने नवऱ्याला धरलं आणि मागच्या दाराने गोठ्याआडून बाहेर काढलं. ओढा ओलांडून दोघं पार पलीकडे गेली, तरी लहानू कसल्यातरी विचारात होता. एकाएकी तो थांबला.

"हौसा, मामा तर घरीच बसले होते," तो म्हणाला. "मग वाटभर माझ्या पाठीवर बसून ओरडत कोण होतं?"