सोमवारच्या नोंदी

"त्या तीन वर्षांच्या नोंदी वगळल्या तर चालेल का, सर?"

डॉ. वासुदेव हेरेकर पावटे सोलत होते. मांडीवर परात, पायाशी टरफलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठल्या तीन वर्षांच्या?"

"ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी."

एक शेंग सोलून झाली. मग दुसरी.

कल्याणी तोडकर सकाळच्या एसटीनं आजऱ्याला आली होती. डोंगरावरच्या ज्या केंद्रात सरांनी चौतीस वर्षं काढली, तिथं आता ती प्रमुख होती. केंद्राचं काम तसं साधं. रेडिओची लहर सरळ वर सोडायची आणि शेकडो किलोमीटरवरच्या विद्युतभारित थरावर, म्हणजे आयनांबरावर, आपटून ती कधी परत येते ते टिपायचं. सूर्य बिथरला की हा थर बिथरतो. मग समुद्रावरचे, विमानांतले रेडिओ गप्प होतात.

त्या तीन वर्षांत सरांनी एक गोष्ट शोधली होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजायच्या सरासरी नऊएक मिनिटं आधी आयनांबर हलकेच कापतं. आगाऊ सूचनाच ती. जगानं तिला 'हेरेकर पूर्वकंप' असं नाव दिलं. पुढं नव्या यंत्रांत तो कंप असा आधी आलेला कधी सापडला नाही, तरी लोक म्हणत, तेव्हाचा सूर्यच वेगळा होता.

आता केंद्राच्या सगळ्या जुन्या नोंदी संगणकावर चढवून जगाला खुल्या करायच्या होत्या. आणि पुढच्या महिन्यात सर ऐंशी वर्षांचे होणार होते. गौरवग्रंथ छापायला गेला होता. मुखपृष्ठावर तोच कंप.

"का वगळायच्या?"

"जरा... अस्पष्ट आहेत."

"अक्षर वाईट होतं माझं. नोंदी वाईट नव्हत्या."

ती पिशवीतला लॅपटॉप काढू लागली.

"कल्याणी, एवढ्या लांब एसटीनं आलीस ते हे सांगायला?"

तिनं लॅपटॉप उघडला. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

"सर, सूर्यावर स्फोट झाला की आपल्या यंत्रात तो लगेच दिसतो. उपग्रहांनीही ते स्फोट टिपलेत, अगदी सेकंदासकट. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. आपल्या नोंदींत परिणाम स्फोटाच्या आधी दिसतोय. सरासरी अकरा मिनिटं आधी."

"सूर्याच्या आधी आपण?"

"आपल्या यंत्राचं घड्याळ मागं होतं, सर. चुंबकीय खळबळीची वेळ मात्र दुसऱ्या वेधशाळेची, बरोबर."

परातीतला हात थांबला.

"म्हणजे माझा कंप आधी येत नव्हता."

"नंतर येत होता. दोन-एक मिनिटांनी."

आत काकू फोडणी देत होत्या.

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हांला. म्हणून म्हणते, ती तीन वर्षं बाजूला ठेवू. मी सगळं सांभाळून घेईन, सर. तुम्ही काळजी करू नका."

सरांनी परात खाली ठेवली. हात धोतराला पुसले. डोळ्यांवर चष्मा चढवला.

"अकरा चूक आहे."

"मी तीनदा तपासलं..."

"घड्याळ विजेवर चालायचं. वीज अशक्त असली की ते रेंगाळायचं. दर सोमवारी सकाळी रेडिओवरच्या वेळेला मी स्वतः लावायचो. मग शनिवारपर्यंत पुन्हा मागं. सरासरी कसली काढतेस? वार लाव."

"वार?"

"प्रत्येक स्फोटापुढं वार लिही. चल, आण इकडं."

दोघं कामाला लागले. ती तारीख वाचायची. सर डोळे मिटून बोटांवर वार मोजायचे आणि ते लॅपटॉपशी ताडून बघायला लावायचे. दोनदा ते बरोबर निघाले, एकदा चुकले, तेव्हा स्वतःवरच चिडले. काकू पावटे न्यायला आल्या आणि अर्धेच सोललेले बघून, काही न बोलता, परात उचलून आत गेल्या.

तासाभरानं पडद्यावर ठिपके उमटले. मंगळवारी तीन मिनिटं. गुरुवारी नऊ. शनिवारी पंधरा. पट्टी ठेवून आखावी तशी रेघ.

"बघ!" सरांनी गुडघ्यावर थाप मारली. "किती सुंदर आहे. बघ तरी!"

कल्याणीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं आयुष्यभराचं काम त्या रेघेखाली मोडलं होतं, आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

मग तिच्या लक्षात आलं.

"सर, सोमवारचा एकही ठिपका नाही. तुमच्या निबंधातही सोमवारचा कंप नाही. एकही."

सर हसायचे थांबले.

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला.

"असायला हवा होता," ते म्हणाले. "सोमवारी कंप नंतर यायचा. दोन मिनिटांनी. दर सोमवारी. मला दिसत होतं ते."

"मग?"

"मी तळटीपेत लिहिलं, घड्याळ लावल्यावर यंत्र स्थिरावायला दिवस लागतो, म्हणून सोमवारच्या नोंदी वगळल्या आहेत. वहीतही त्या चढवल्या नाहीत."

तिनं पुन्हा पडद्यावरची रेघ पाहिली.

"तेवढाच एक दिवस यंत्र खरं बोलत होतं," सर म्हणाले. "पण तोवर परदेशातून पत्रं यायला लागली होती."

"कुणी विचारलं नाही?"

"वगळलेलं कोण विचारतं?"

कल्याणीनं लॅपटॉप हळूच मिटला.

"गौरवग्रंथ थांबवते मी. सर, तुमच्यासाठीच मी..."

"माझ्यासाठी?"

आवाजात राग नव्हता. तिला डोकं टेकवावंसं वाटलं, इतका मऊ होता तो.

"तुझा प्रबंध कशावर आहे, कल्याणी?"

त्यांना ते माहीत होतं. पूर्वकंपावरून वादळाचं भाकीत कसं करावं, यावर तिनं सहा वर्षं घालवली होती. त्याच तीन वर्षांच्या नोंदींवर. प्रमुखपद त्यातूनच आलं होतं.

"तोही जाईल," ती शेवटी म्हणाली. "सगळा."

"हं."

"एसटीत पूर्ण वेळ मी स्वतःला सांगत होते की मला तुमची काळजी आहे."

"ती होतीच की. ती काही खोटी नव्हती."

"सर, मी आता काय करू? बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून..."

आतून काकूंनी पानं वाढल्याची हाक दिली.

सर उठले नाहीत. कोचावर पडलेली वर्तमानपत्रं गोळा करून त्यांनी खाली ठेवली, स्वतः जरासे सरकले, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटला.

"समोर कशाला बसलीस? इकडं ये. आता आपण एकाच बाकावरचे."