चौघांचा खांदा

"थाळीचा तो आवाज अजून कानांतून जात नाही, महाराज. मग या वेळी माझं चुकलं कुठं?"

मागच्या महापुरात सारा गाव टेकडीवरच्या मठात चढून आला, तेव्हा खाली कुणीतरी पितळी थाळी बडवत होतं. पायांनी अधू असलेली तुळसा ती. तिला दुसऱ्या कुणीतरी आणलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं...

मग थाळी थांबली.

दौलता तेव्हा पोर होता. आता पूर आला तर गाव हलवायचं काम त्याच्याकडे होतं.

"ज्याला चालता येत नाही, त्याच्यासाठी चार गडी नेमलेत," तो छाती काढून म्हणाला. "पण बायजाक्का येत नाही म्हणते. तिच्या पायांत जोर नाही, आणि नदी तर घाट चढायला लागली."

महाराज मठाच्या ओसरीत डाळ निवडत होते.

"तिला काय सांगितलंस?"

"म्हटलं, अक्का, घाबरू नको. वेळ आली की चौघे येऊन खांदा देतील."

महाराजांना हसू आवरेना.

"मग?"

"म्हणाली, मेल्या, पुढं धरायला मडकंही घेऊन या!"

"बरोबर आहे तिचं."

"शब्द चुकला, कबूल. मी पाया पडलो. पाठकुळी नेतो म्हटलं, पाटावर बसवून नेतो म्हटलं. तिनं दारच लावून घेतलं."

महाराजांनी सूप बाजूला सारलं. ते जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

"उचल मला."

दौलतानं काखेत हात घातले. अंग ओल्या पोत्यासारखं निसटलं. पाठीखाली हात घातला, तर मान लोंबली. धड कुठं धरावं, तेच कळेना. त्याला घाम फुटला.

"महाराज, माझ्या गळ्यात जरा हात तरी टाका!"

महाराजांनी एक डोळा उघडला.

"मला विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?"

महाराज उठून बसले आणि पुन्हा डाळीतले खडे वेचू लागले. खाली नदीचा घोंघाट वाढत होता.

"मला काहीच कळेनासं झालंय, महाराज."

"तुला सगळं कळत होतं, तेव्हा तिनं दार लावलं. आता जा."

दौलता उठला. बायजाक्काच्या दाराकडे टेकडी उतरू लागला.