चिंगी मुंगी आणि ताईचा गूळ

उसाच्या फडाशेजारी एक गुऱ्हाळ.
तिथे उसाच्या रसाचा गूळ करायचे.
गुऱ्हाळाच्या भिंतीत एक भोक. एवढंस्सं!
भोकात कोण राहायचं?
चिंगी मुंगी आणि तिची ताई.

ताईला पंख फुटले होते. पातळ पातळ, कांद्याच्या सालीसारखे.
पंख फुटले की मुंगीने घर सोडायचं. उडायचं. लांब जायचं. नवं घर करायचं.
परत यायचं नाही.
का नाही? मला नका बाई विचारू. मुंग्यांचं तसंच असतं. मलाही नाही आवडत.

घर सोडताना तोंड गोड करून निघायचं, ही मुंग्यांची रीत.
चिंगीने ताईसाठी गुळाचा एक खडा जपून ठेवला होता.
पण रात्री अवकाळी पाऊस आला. टप टप टप!
पाणी भोकात शिरलं. खडा भिजला. खडा विरघळला. गेला!
ताईचे पंखसुद्धा भिजले.

सकाळी चिंगी रडायला लागली. हूं हूं हूं.
"ताई, तू आता तशीच जाणार? रिकाम्या तोंडाने?"
"रडू नको गं," ताई म्हणाली. "गूळ नसला तर नसला."
"नसला कसा? मी आणते. मी आल्याशिवाय जायचं नाही हं!"
आणि चिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

गुऱ्हाळात होते केरबाकाका. ते गूळ करायचे. आज कपाळाला हात लावून बसले होते.
चिंगी म्हणाली,
"केरबाकाका, केरबाकाका, गूळ द्या ना!
गूळ मिळेना,
ताईचं तोंड गोड होईना!"
केरबाकाका म्हणाले, "कुठला गूळ, पोरी? काहील उकळेना. जा, काहिलीला सांग."

चिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.
काहील म्हणजे मोठ्ठी कढई. बैलगाडीच्या चाकाहून मोठी! तिच्यात काठोकाठ उसाचा रस. पण गार.
"काहिलीबाई, काहिलीबाई, उकळ ना!
काहील उकळेना,
गूळ मिळेना,
ताईचं तोंड गोड होईना!"
काहील म्हणाली, "टण्ण! मी कशी उकळू? खाली जाळ पेटेना. जा, जाळाला सांग."

चिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.
काहिलीखाली जमिनीत खोल चूल. तिला म्हणतात चुलवण. चुलवणात जाळ होता. एवढासा. नुसता धूर, धूर, धूर!
"जाळा, जाळा, पेट ना!
जाळ पेटेना,
काहील उकळेना,
गूळ मिळेना,
ताईचं तोंड गोड होईना!"
जाळ खोकला. "खों खों! मी कसा पेटू? चिपाड वाळेना. जा, चिपाडाला सांग."

चिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.
रस काढला की उसाचं उरतं ते चिपाड. तेच चुलवणात घालतात. त्याचा हा एवढा ढीग अंगणात पडला होता. ओला चिंब!
ढिगापाशी हौसाक्का उभी होती. ती चुलवणात चिपाड घालायची. आज आत बसलेल्या केरबाकाकांशी भांडत होती.
"केरबाभाऊ, चिपाडावर ताडपत्री का नाही टाकली?"
"मला वाटलं, तू टाकलीस."
"मला वाटलं, तुम्ही टाकलीसा!"
झालं! दोघांनाही वाटलं, आणि चिपाड भिजलं.
चिंगी म्हणाली,
"चिपाडा, चिपाडा, वाळ ना!
चिपाड वाळेना,
जाळ पेटेना,
काहील उकळेना,
गूळ मिळेना,
ताईचं तोंड गोड होईना!"
चिपाड म्हणालं, "पच पच! मी कसं वाळू? ऊन पडेना. जा, उन्हाला सांग."

चिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.
भिंतीवर चढली. पाय दुखले. तरी चढली.
"ऊनदादा, ऊनदादा, पड ना!
ऊन पडेना,
चिपाड वाळेना,
जाळ पेटेना,
काहील उकळेना,
गूळ मिळेना,
ताईचं तोंड गोड होईना!"
ऊन ढगाआडून म्हणालं, "मी कसं पडू? ढग हलेना. जा, ढगाला सांग."

चिंगी निघाली. तुरु... तुरु... तुरु...
दमली हो बिचारी!
उंच उसावर चढली. पार शेंड्यावर. वर ढग होता. काळा, जाडा, पेंगुळलेला.
"ढगोबा, ढगोबा, हल ना!
ढग हलेना,
ऊन पडेना,
चिपाड वाळेना,
जाळ पेटेना,
काहील उकळेना,
गूळ मिळेना,
ताईचं तोंड गोड होईना!"

ढगाने एक डोळा उघडला.
"हलतो की. मला काय! पण चिंगे, नीट ऐक. मी हललो की ऊन पडेल. ऊन पडलं की ताईचे पंख वाळतील. पंख वाळले की ताई जाईल."
चिंगीने उसाचा शेंडा घट्ट धरला.
"मी नाही हललो, तर ताई तुझ्यापाशीच राहील. बोल, हलू का?"
चिंगी विचार करायला लागली.
तिला वाटलं, नकोच गूळ. नकोच ऊन. ताई राहू दे!

तिने खाली बघितलं.
भोकाच्या तोंडाशी ताई बसली होती. ओली. कुडकुडत. वर आभाळाकडे बघत.
ताईने पंख हलवून बघितले. हलेनात.
पुन्हा हलवून बघितले. हलेनात.
मग ताई रडली. गुपचूप. कुणी बघत नाही असं तिला वाटलं.
चिंगीने बघितलं ना पण!

"हल," चिंगी म्हणाली. अगदी हळू.
"काय? ऐकू नाही आलं."
"हल म्हटलं ना!" चिंगी ओरडली, आणि भ्यां करून रडली.

मग काय!
ढग हलला. घुर्र घुर्र!
ऊन पडलं. लख्ख लख्ख!
हौसाक्काने चिपाड पसरलं. खालीवर केलं. चिपाड वाळलं. कुर्रम कुर्रम!
जाळ पेटला. धग धग धग!
काहील उकळली. रट रट रट!
रसातला मळ वर आला, त्याला म्हणतात मळी. केरबाकाकांनी ती झाऱ्याने काढली. फेस आला. रस ढवळला. रस तांबूस झाला, घट्ट झाला. काय वास सुटला म्हणून सांगू!

पण उन्हात ताईचे पंखसुद्धा वाळत होते.
शेजारच्या भोकातल्या पंखवाल्या मुंग्या उडाल्या. फुर्र! फुर्र!
"चल गं!" त्या ताईला म्हणाल्या.
"थांबा, माझी चिंगी यायचीय," ताई म्हणाली.
त्या कशाला थांबतात! गेल्या. ताई एकटी राहिली. वारा तिला उचलायला बघायचा. तिने भिंत घट्ट धरून ठेवली.

इकडे चिंगी काहिलीपाशी उभी.
"काका, झाला का?"
"थांब."
"काका, आता झाला का?"
"अगं, घाई केली तर गूळ पातळ राहील!"
काकांनी गार पाण्यात पाकाचा थेंब टाकला. बोटांनी वळला. त्याची गोळी झाली. "झाला! उतरवा रे!"
गुऱ्हाळातल्या सगळ्यांनी मिळून काहील उतरवली. पाक वाफ्यात ओतला. वाफा म्हणजे गूळ गार करायची पसरट जागा. सळ्ळ! पाक निवला. गूळ झाला. सोन्यासारखा पिवळा.
"गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं धाडत नाहीत," केरबाकाका म्हणाले. "पहिला खडा चिंगीचा."
आणि तिच्यापुढे ठेवला तिच्याएवढाच खडा!

चिंगी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!
"ताई! आहेस ना?"
"आहे गं."
"आ कर."
ताईने आ केला. चिंगीने तिला गूळ भरवला.
"गोड आहे?"
"खूप गोड आहे."
मग ताईने खडा मोडला. उरलेला चिंगीपुढे धरला. "आता तू आ कर."
"मी कुठे चाललेय? जाणाऱ्याने खायचा असतो."
"चिंगे, जो मागे राहतो ना, त्यालाच जास्त लागतो."
चिंगीने आ केला. गूळ खाल्ला. खाता खाता रडली. ताईसुद्धा रडली. दोघी खूप वेळ एकमेकींना धरून बसल्या.

ऊन कलायला लागलं.
"जाऊ?" ताई म्हणाली.
चिंगीने मान डोलावली.
ताईने भिंत सोडली.
फुर्र.

उसाच्या वरून गेली. झाडाच्या वरून गेली. छोटी झाली. आणखी छोटी झाली. मग दिसेना.
"ताईऽऽ!" चिंगीने हाक मारली.
ओ आली नाही.

चिंगी घरात आली. हळू हळू.
ताई झोपायची ती जागा रिकामी होती.
चिंगी तिथे गेली, आणि ताईच्या जागेवर झोपली.