सुग्राबीची कमान

एक होती बाई. राजाराणी मागाहून, आधी ही बाई, बरं का! नाव तिचं सुग्राबी. दगडात अक्षरं कोरायची. उजवीकडून डावीकडे चालणारी अक्षरं. एखादं मिनारासारखं ताठ, एखादं चंद्रकोरीसारखं वाकलेलं, आणि मधूनमधून वेलबुट्टी. नगरात पाण्याचा मोठा हौद होता. त्याच्या कमानीवर तिनं कोरलं होतं, 'तहानलेल्यानं यावं. कुणी अडवू नये.'

मग काय झालं, म्हातारा बादशहा गेला, त्याचा मुलगा गादीवर बसला. त्या साली पाऊसच नाही. विहिरी आटल्या. पाणी उरलं ते त्या हौदात. नव्या बादशहानं हौदाला दार बसवलं, दाराला कुलूप घातलं. म्हणाला, "हे पाणी माझ्या गुलाबांना."

पण लोक कमानीखाली रिकामी मडकी घेऊन उभे राहायचे, वर बघून ती ओळ मोठ्यानं वाचायचे. बादशहाला ते झोंबलं. त्यानं सुग्राबीला बोलावलं.

"ती ओळ खरवडून टाक. तिथं माझं नाव कोर."

"नाही, हुजूर."

त्या दरबारात 'नाही' हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता कधी. बादशहाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. नगराला दिलेला शब्द आहे तो. मी पुसणार नाही."

मग बादशहानं दुसरे पाथरवट पाठवले. छिन्नी लागली मात्र, अक्षरं भुर्रकन उडाली! पाखरांसारखी. आणि कमानीच्या पार शेंड्यावर जाऊन बसली.

मग त्यानं सगळ्या कमानीला चुना फासायला लावला. चांगला वीतभर जाड. चुना वाळला, आणि त्यातून अक्षरं उमटली. निळीशार! आधीपेक्षा दुप्पट मोठी!

मग मात्र बादशहा भडकला. म्हणाला, "जिनं कोरली तिचा हातच तोडा!"

सुग्राबी घाबरली नाही का? घाबरली तर! पण उजवा हात तिनं आपणहून पुढं केला.

"घ्या, हुजूर. हात जाईल. ओळ राहील."

जल्लादानं तलवार उपसली. आणि बघतो तर काय, पात्यावर तीच अक्षरं! 'कुणी अडवू नये.' जल्लादाच्या घरीही मडकं कोरडंच होतं, बाळांनो. त्यानं तलवार खाली ठेवली. "माझ्यानं नाही व्हायचं," म्हणाला.

आता 'नाही' म्हणणारे दोघे झाले. मग पहारेकरी म्हणाले, नाही. मग वजीर म्हणाला, नाही. सुग्राबी वळली, आपला हातोडा उचलला आणि भर उन्हात तडक हौदाकडे निघाली. मागून सगळं नगर. तिनं एक घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला कुलूप खळ्ळकन खाली पडलं.

बादशहा ओरडत ओरडत धावत आला. ओरडून ओरडून त्याच्या घशाला कोरड पडली, आवाजच फुटेना.

सुग्राबी म्हणाली, "या हुजूर, तुम्हालाही कुणी अडवणार नाही. पण रांगेत उभं राहायचं."

काय करतो? राहिला उभा, एका धोबिणीच्या मागं. पाळी आली तेव्हा ओंजळ केली आणि घटाघटा प्यायला. प्यायला, आणि मान खाली घालून स्वतःच्या हातानं ते दार उपटून काढलं.

पुढं पाऊस आला, विहिरी भरल्या, सगळी माणसं पोटभर जेवली, पोटभर पाणी प्यायली आणि आनंदात राहिली. आता तुम्हीही पाणी प्या आणि पांघरुणात शिरा बघू. नाही म्हणायचं नाही हं!