हरण्याची बादली

फार मागची गोष्ट. सखोबा तेल्याचा हरण्या बैल बारा वर्षं घाण्याभोवती फिरला. मग सखोबा म्हणाला, "लई केलंस बाबा, आता बसून खा." पेंडीची पाटी आणि पाण्याची बादली तो त्याच्या तोंडाशी आणून ठेवू लागला.

हरण्या गरगरीत झाला, पण उठायला चार माणसं लागू लागली. पोळा दीड महिन्यावर आलेला. "तोरणाखालून कसा जाऊ गं?" तो शेजारच्या म्हाताऱ्या शेळीला रडवेला होऊन म्हणाला.

शेळी म्हणाली, "दादा, पेंड गिळतं तोंड, पण जिरवतात पाय. तू पायांनाच रजा दिलीस!"

"आता या वयात?"

"मग काय पुढच्या जन्मी? ऊठ, हौदापर्यंत चल."

दुसऱ्या दिवशी हरण्यानं बादली शिंगानं लोटली आणि दाव्याला ओढ दिली. सखोबा हसला. "पाय वळवळतात होय रे?" त्यानं चौघांना बोलावून त्याला उठवलं आणि दावं सोडलं. हरण्या धापा टाकत हौदावर गेला, पाणी पिऊन आला. मग रोजच जाऊ लागला.

पोळ्याला तो आपला आपण उठला. तोरणाखालून गेला, पुरणपोळी खाल्ली, आणि गोठ्यात शिरण्याआधी रिकाम्या घाण्याभोवती हौसेनं एक फेरा मारून आला.