क्यूची पेटी

‘पेटी कशाला हवी?’

या प्रश्नापासून पुढचं काहीही मी कुणाला सांगायचं नव्हतं. यशोदादाने मला विद्येची शपथ घातली होती. सुभेदारांनी शपथ घातली नाही, आम्ही निघताना नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते जास्त होतं.

तोंडाने मी ते सांगणारही नाही. लिहिते आहे.

तर सुभेदारांनी विचारलं, ‘पेटी कशाला हवी?’

‘क्यूसाठी,’ यशोदादा म्हणाला. ‘नागपूरला राज्य स्पर्धा आहे. रेल्वेने जायचं. गर्दी, सामान, धक्काबुक्की... साध्या पिशवीत कशी नेणार?’

सुभेदार गायधनी फौजेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली घेतली आणि तिच्यात पूलचं, म्हणजे क्यूच्या लांब काठीने चेंडू मारायच्या खेळाचं, एकच टेबल मांडलं. फौजेच्या मेसमध्ये ते साहेबलोकांना बिलियर्ड्‌स शिकवत असत. इथे आमच्यासारख्यांची मुलं शिकायला आली. त्यांना कुणी सर म्हणत नाही. पोरंही सुभेदारच म्हणतात.

त्यांच्या हाताखाली माझे दोन्ही भाऊ तयार झाले. थोरला हेरंबदादा आणि धाकटा यशोदादा. सगळे म्हणत, सुभेदारांचा हात हेरंबच्या हातात उतरला आहे. यशोदादाबद्दल तसं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून तो जरा ताठ्यात असायचा.

हेरंबदादा गेला तो गेल्या हिवाळ्यात. मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून सरावाहून परत येत होता. भगूरच्या बाजूला वळणावर खडी पसरली होती, त्यात धुकं. गाडी घसरली. मित्राने पडताना हात टेकले, त्याचं मनगट मोडलं. ते पुढे जुळलं.

हेरंबदादाने हात टेकले नव्हते. लोक धावले तेव्हा तो कुशीवर पडलेला होता आणि कापडी पिशवीतली क्यू त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

क्यूवर ओरखडासुद्धा नव्हता.

दहाव्याला आलेली माणसं हेच एकमेकांना सांगत होती. काय पोरगा होता, म्हणत होती, काठीला खरचटू दिलं नाही. आई ते ऐकून आत निघून जायची. यशोदादा मात्र तिथेच बसायचा. त्याला ते ऐकायला हवं असायचं. बुडत्याला काडी मिळावी तसं त्याला ते वाक्य मिळालं होतं.

आता जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली होती, आणि नागपूरला तो खेळणार होता हेरंबदादाच्या क्यूने. ती त्याने आईच्या कपाटातून तिला न विचारता काढली होती. मला बरोबर घेतलं होतं, म्हणजे आईला वाटावं की आम्ही दोघं वह्या आणायला गेलो आहोत.

त्याने मोबाइल सुभेदारांच्या पुढे धरला.

‘ही बघा. ऍल्युमिनियमची. आत फोम. वरून हत्ती गेला तरी काही होणार नाही.’

‘हत्ती कुठे निघालाय नागपूरला?’

‘तसं नाही हो... बरं, ही बघा. चामड्याची. दिसायला चांगली आहे, पण मऊ. मला कडकच हवी. ही तिसरी सगळ्यांत भारी. कुलूप आहे. पाण्यात पडली तरी तरंगते.’

‘आणि तू?’

‘मी काय?’

‘पाण्यात पडलास तर?’

यशोदादा हसला. ‘मला कुठे पोहता येतं.’

सुभेदार हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि मोबाइलमधलं ते चित्र बराच वेळ पाहिलं.

‘तू ठरवलेलंच दिसतंय. मग मला कशाला विचारतोस?’

‘तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तिन्हींत कोणती? म्हणजे मनात किंतू नको.’ मग त्याला वाटलं, आपलं म्हणणं नीट पोचलं नाही. म्हणून तो पुढे म्हणाला, ‘तुम्हीच तर सांगायचात ना. क्यू जिवापेक्षा जपायची.’

सुभेदारांचा हात टेबलाच्या हिरव्या कापडावरून फिरला. कापडाला एकही सुरकुती नव्हती, तरी ते सारखं करत राहिले.

‘कुणाला सांगायचो?’

‘सगळ्यांना. पहिल्या दिवशीच.’

‘सगळ्यांनी ऐकलं?’

‘छे. पोरं कसली ऐकतात. बंटी तर क्यूने चिंचा पाडायचा.’ यशोदादाचा आवाज जरा उंचावला. ‘दादाने ऐकलं. एकट्या दादाने.’

‘हो,’ सुभेदार म्हणाले. ‘फार ऐकायचा.’

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

‘जोड,’ सुभेदार म्हणाले.

यशोदादाने हेरंबदादाच्या कापडी पिशवीतून शालीत गुंडाळलेले क्यूचे दोन तुकडे काढले, पेच फिरवून जोडले आणि क्यू दोन्ही हातांनी त्यांना दिली. देवापुढे काही ठेवावं तशी दिली.

सुभेदारांनी ती उभी धरली. मूठ खाली, टोक वर. वरून नुसती दोन बोटांत. खाली शहाबादी फरशी.

आणि बोटं उघडली.

यशोदादा झेपावला. क्यू जमिनीला लागायच्या आत त्याने धरली, पण त्याची हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली. आवाज मला बाकावर ऐकू आला.

‘निसटली?’ त्याने विचारलं. हनुवटीला हात लावला नाही. आधी क्यूवरून हात फिरवला.

‘नाही. सोडली.’

‘सोडली म्हणजे?’

‘आण इकडे.’

त्याने दिली. न देणं त्याला जमलं नसतं. सुभेदारांनी ती पुन्हा तशीच धरली.

‘आता धरायची नाही.’

‘तुटेल.’

‘तुटेल कदाचित.’

‘दादाची आहे ती.’

‘ठाऊक आहे. लाकूड हातात तोलून मीच निवडली होती त्याच्यासाठी.’

बोटं उघडली. यशोदादाने पुन्हा धरली. या वेळी गुडघ्यावर पडून, पोटाशी घेऊन.

‘मी काय म्हणालो?’

‘मी नाही धरली.’ त्याला दम लागला होता. ‘हात आपोआप गेले.’

‘तेच,’ सुभेदार म्हणाले.

त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं. सुभेदारांनी खिशातला रुमाल काढून तिथे दाबला. रुमालाला क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची निळी पूड होती, ती त्याच्या गालाला लागली.

‘पुन्हा.’

ती त्यांनी पुन्हा सोडली आणि त्याने पुन्हा धरली. मग पुन्हा. कुणी लांबून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारा आणि पोरगा काहीतरी खेळतायत. मी जवळ होते. सोडायच्या आधी दर वेळी सुभेदार डोळे मिटून घेत होते. त्यांची बोटं नीट उघडत नव्हती. एक उघडायचं, दुसरं क्यूला चिकटून राहायचं.

यशोदादाला ते दिसत नव्हतं. त्याला फक्त क्यू दिसत होती.

शेवटी तो उठला. क्यू उकलली, तुकडे शालीत गुंडाळले.

‘मला नाही शिकायचं हे. मी कोणती पेटी ते विचारायला आलो होतो. तुम्हाला दादाचं काही वाटत नसेल तर...’

त्याने वाक्य पुरं केलं नाही. सुभेदारांनीही केलं नाही.

‘चल गं,’ तो मला म्हणाला.

मी उठले. तो दारापर्यंत गेला.

‘यशोधन.’ सुभेदारांचा आवाज मागून आला. एरवी ते त्याला पोरा म्हणायचे. ‘घरी ठेवणार का ती?’

‘हो. आईच्या कपाटात. दुसऱ्या क्यूने खेळेन.’

‘ने. क्यू ठेवशील कपाटात... हात कुठे ठेवशील?’

यशोदादा उंबऱ्यावर थांबला. पाठ सुभेदारांकडे होती, मी त्याच्या बाजूला होते. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. शालीतलं गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं. दोन्ही हातांनी, घट्ट, हनुवटी वर टेकवून. शालीला रक्ताचा डाग लागला होता.

तसं धरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो किती वेळ तसा उभा होता, मला सांगता येणार नाही. कॅम्पातला बाजार त्याच्या समोरून येत होता, जात होता. एक बाई त्याला बाजूला हो म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही.

मग तो वळला. टेबलापाशी आला. शाल उलगडली, तुकडे जोडले. पेच बसवताना तो दोनदा चुकला. जोडलेली क्यू त्याने सुभेदारांना दिली आणि समोर उभा राहिला.

‘दादाने हात टेकले असते तर?’ त्याने विचारलं.

सुभेदारांनी क्यू उभी धरली. क्यूचं टोक हवेत रेघोट्या ओढत होतं.

‘सुभेदार. टेकले असते तर?’

‘मनगट मोडलं असतं,’ ते म्हणाले.

आणि त्यांनी क्यू सोडली.

यशोदादाचे खांदे पुढे गेले. कोपर हलले. पण हात अंगालाच राहिले.

क्यू फरशीवर पडली. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. साधाच झाला, लाकूड पडल्यासारखा. ती एकदा उसळली, आडवी झाली आणि गडगडत टेबलाखाली गेली. मुठीचा एक टवका उडाला होता. तो सुभेदारांच्या चपलेजवळ पडला.

कुणीही वाकलं नाही.

यशोदादा रडायला लागला. दहाव्याला तो रडला नव्हता, तेराव्यालाही नाही. आता उभ्या उभ्या रडत होता. हात दोन्ही बाजूंना तसेच मोकळे. त्याने डोळेसुद्धा पुसले नाहीत.

सुभेदार टेबलाला धरून खाली बसले. फरशीवरच बसले. त्यांचा एक गुडघा वाकत नाही, तो त्यांनी हाताने उचलून नीट पुढे ठेवला. टवका उचलला. बोटांत धरून पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग भिंतीकडे तोंड केलं. ते बराच वेळ इकडे वळले नाहीत. मला त्यांची पाठ दिसत होती. फौजेतल्या माणसाची पाठ, आणि ती हलत होती.

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

नंतर यशोदादा टेबलाखाली सरपटत गेला आणि क्यू घेऊन आला. पुसली नाही. मुठीवर जिथलं लाकूड गेलं होतं तिथे आत पांढरं दिसत होतं. त्याने ती उकलून कापडी पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला अडकवली. हेरंबदादा अडकवायचा तशीच, पण सैल.

‘सुभेदार,’ तो म्हणाला. आवाज बसला होता. ‘पेटी कोणती घेऊ?’

सुभेदारांनी भिंतीकडून तोंड वळवलं नाही.

‘आता कुठलीही घे.’