पाठीराख्याचे आसन

एकदा एक तरुण आचार्य नदीकाठच्या विद्यापीठात नव्याने शिकवू लागला. तिथली रीत अशी, की नव्या आचार्याच्या वर्गात एक वृद्ध आचार्य वर्षभर मागे दर्भासनावर बसत. त्यांना पाठीराखा म्हणत. नवा चुकला की ते हलकेच खोकत आणि तो सावरून घेई.

वर्ष सरले, तरी वृद्ध उठले नाहीत. तरुणानेही उठू दिले नाही.

एका ढगाळ दुपारी वर्ग संपवून तरुण घाटावर आला, तर वृद्ध आचार्य नावेतून उतरत होते.

“आपण तर आत्ता वर्गात होता! मी अडखळलो तेव्हा खोकलात.”

“अरे, मी सकाळपासून पैलतीरावर आहे.”

मागून आलेली एक शिष्या भीत भीत म्हणाली, “आचार्य, आसन रिकामंच होतं. खोकत तुम्हीच होता. आणि आवाजही... डोळे मिटले, तर मोठे आचार्यच बोलताहेत असं वाटलं.”

‘मग माझा आवाज गेला कुठे?’ असे विचारायला तरुणाने तोंड उघडले. बाहेर आला तो खोकला. कोरडा, म्हातारा.

वृद्धांचा चेहरा उतरला. ते तडक वर्गात गेले. रिकाम्या आसनावर अक्षता टाकून त्यांनी ते जागचे किंचित हलवले, आपण पूजा उतरवतो तसे. मात्र ‘पुन्हा यावे’ म्हटले नाही. आसन नेऊन नदीत सोडले.

तरुण कळवळला. “मला एकटं टाकताय?”

“बाळा, तो खोकला माझा नाहीच. माझ्या पाठीराख्याचा आहे. फार मायेचा माणूस, पण उद्यापन न करताच गेला. तेव्हापासून माझ्या घशात बसलाय. माझा आवाज कसा आहे, मला ठाऊक नाही. तुझ्या मागे बसणं गोड लागलं, म्हणून मीही उठलो नाही. सोबत हे व्रत आहे, रे. वेळेवर उतरवलं नाही, तर फळ न देता वस्तीला राहतं.”

दुसऱ्या दिवशी त्याच शिष्येने अवघड प्रश्न विचारला. तरुण आचार्याने सवयीने मागे पाहिले. मोकळी फरशी होती.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. “बस, मिळून शोधू.”

आवाज कापरा होता. शिष्येने डोळे मिटून ऐकला आणि हसली. “हा तुमचाच!”

दाराबाहेर वृद्ध आचार्य स्वतःचेच नाव पुटपुटत उभे होते, आवाज कसा लागतो ते पाहत.

नवख्याचा हात जरूर धरावा. पण सोडण्याची तिथी धरतानाच ठरवावी.